कुरतडलेल्या पानांची बाग

कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कडेनं खाल्लेली दिसली, की बऱ्याच घरांत आधी फवारणीचं औषध शोधलं जातं. नीट पाहिलं तर एखाद्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका असतो. ती कॉमन मॉर्मन किंवा लाइम या फुलपाखराची कोवळी अळी. पक्ष्यांनी दुर्लक्ष करावं म्हणून घेतलेलं हे सोंग. वाढल्यावर ती हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. चार पानं गेली तरी कढीपत्ता पुन्हा फुटतो.

देशी झाडांची बाग समजून घ्यायला या अळीसारखा शिक्षक नाही. मध फुलपाखराला कुठल्याही फुलातला चालतो. अमेरिकेतून आलेल्या घाणेरीवरही ती गर्दी करतात. अळीचं तसं नसतं. वनस्पती बचावासाठी पानांत कडू, विषारी रसायनं साठवतात आणि ती पचवण्याची ताकद कीटकात असंख्य पिढ्यांच्या सहवासातून येते. म्हणून मादी अंडी घालताना झाड पारखून घेते. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्या ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळीला माकडलिंबू, लिंबू अशा एकाच कुळातली पानं लागतात. कॉमन एमिग्रंट बहाव्यावर अंडी घालतं. प्लेन टायगरची अळी रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते; पुढे फुलपाखरूही कडू लागतं आणि पक्षी त्याचा नाद सोडतात. ओसाड जागेतली रुई उपटून टाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

अळ्यांवर पक्ष्यांचंही पोट चालतं. शिंजीर मध पिणारा म्हणून ओळखला जातो, पण पिल्लांना तोसुद्धा किडे आणि कोळी भरवतो.

शहरांच्या रस्त्यांवर मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतला वर्षावृक्ष आहे, तर पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतल्या ग्लिरिसिडियाची लागवड झाली. हे वृक्ष झपाट्यानं वाढतात आणि सावली देतात, हे खरंच. पण इथल्या ऋतुचक्राशी जुळलेली झाडं वेगळंच काम करतात. शिशिरात पानं झडली, की पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. रान सुकलेलं असतं, तेव्हा मैना, कोतवाल, बुलबुल या फुलांवर तुटून पडतात. राज्यफुलाचा मान असलेला ताम्हण उन्हाळ्यात जांभळा होतो.

कोणती झाडं कशी लावावीत, याचा उत्तम धडा सह्याद्रीतल्या देवरायांत मिळतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या राखीव रानांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढे आणलं. अनेक देवरायांत वाळलेली काटकीही बाहेर न्यायची नाही, असा रिवाज असतो. उंच वृक्षाखाली लहान झाडं, त्यांच्याखाली झुडपं, अंगावर वेली आणि जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर. झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात एकटं उभं असलेलं झाड यातल्या बहुतेक सोबतीला मुकतं. निदान पाचोळा जाळू नये. तो बुंध्याभोवती पसरला, की ओल टिकते आणि कुजून त्याचं खत होतं.

मात्र सह्याद्रीच्या ओल्या रानातलं झाड देशावरच्या कोरड्या माळावर लावून भागत नाही. माळाचं स्वतःचं गवत असतं, त्यात जमिनीवर घरटी करणारे चंडोल असतात. तिथे खड्डे खणून दाट झाडी उभी करणं म्हणजे नांदतं घर मोडणं. जवळच्या टेकडीवर आपसूक काय उगवतं, ते वर्षभर पाहणं हीच खरी तयारी. बाल्कनीपुरती जागा असेल, तर कढीपत्ता, लिंबू, कोरांटी पुरेत. थोडी जास्त जागा असेल तिथे खुळखुळा लावावा. ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर त्यातली रसायनं शोषायला जमतात आणि त्यांपासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात.

रोपं घरी करता येतात. पळसाचं बी फार दिवस टिकत नाही, म्हणून शेंगा वाळल्या, की त्याच पावसाळ्याच्या तोंडावर ते पेरावं. बहाव्याच्या बीचं कवच मात्र कठीण असतं. रानात शेंगेतला गर खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटातून गेल्यावर ते मऊ पडतं. घरी बी खरखरीत दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवावं आणि फुगल्यावर पिशवीत लावावं.