आरोग्यसेवा सुधारणा कायदा, अमेरिकन : पुराणमतवादी प्रतिक्रिया

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या आरोग्यसेवाविषयक कायद्यास तेथील पुराणमतवादी पक्षाने व विचारवंतांनी केलेला विरोध. ‘पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर ॲक्ट’ हे कायद्याचे अधिकृत नाव. तथापि विरोधकांनी हेटाळणीने योजलेले ‘ओबामाकेअर’ हे नावच रूढ झाले व पुढे खुद्द ओबामांनीही ते स्वीकारले. सीनेटने २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९, तर प्रतिनिधिगृहाने २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी हे विधेयक संमत केले. या अंतिम मतदानांत रिपब्लिकन पक्षाचे एकही मत विधेयकाच्या बाजूने पडले नाही. सामाजिक सुरक्षा कायदा (१९३५) आणि वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना (१९६५) यांना त्या पक्षाच्या अनेक सभासदांनी पाठिंबा दिला होता, हे लक्षात घेता २०१० मधील एकजूट असामान्य म्हणावी लागेल.

शासकीय आरोग्य विम्यास विरोध ही मात्र जुनी परंपरा आहे. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांची राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना ‘समाजसत्तावादी वैद्यक’ ठरवून हाणून पाडण्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना अग्रभागी होती. याच संघटनेसाठी १९६१ मध्ये रॉनल्ड रेगन या त्या वेळच्या चित्रपट-अभिनेत्याने एक ध्वनिमुद्रिका केली. वृद्धांना शासकीय विमा दिल्यास हळूहळू सर्वच व्यवहारांत स्वातंत्र्याचा लोप होईल, असा इशारा तीत होता. २०१० मध्ये याच संघटनेने कायद्यास अनुकूलता दर्शविली. विरोधाचे केंद्र डॉक्टरांकडून राजकीय पक्षाकडे सरकले होते.

कायदा होण्याच्या सुमारास देशात साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. विमा कंपन्या आधीपासून आजारी असलेल्यांना विमा नाकारीत किंवा त्यांच्याकडून जबर हप्ता घेत. नव्या कायद्याने यास बंदी केली. पण आजारी पडल्यावरही विमा मिळणार असेल, तर निरोगी माणूस तोपर्यंत हप्ते कशासाठी भरील? विमेदारांत केवळ रुग्णच उरले, तर हप्ते वाढतच जाणार. म्हणून प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, न घेतल्यास दंड भरावा, अशी सक्ती करण्यात आली व अल्प उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यासाठी अर्थसाहाय्य देऊ केले गेले. विरोधाचा सर्वाधिक रोख या सक्तीवर होता.

यातील विसंगती अशी, की ही कल्पना मूळची पुराणमतवाद्यांचीच. हेरिटेज फाउंडेशन या त्यांच्या विचारसंस्थेने १९८९ मध्ये ती पुरस्कारिली होती. शासनाने सर्वांचा विमा स्वतःच्या हाती घेण्यापेक्षा नागरिकाने स्वतःची जबाबदारी उचलावी, असे त्यामागील तत्त्व होते. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या योजनेला पर्याय म्हणून रिपब्लिकन सीनेटर जॉन शेफी यांनी मांडलेल्या विधेयकात ती होती. मॅसॅचूसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी २००६ मध्ये आपल्या राज्यात ती अंमलातही आणली. विरोधकांनी यावर दिलेले उत्तर सर्वस्वी पोकळ नव्हते : घटक राज्याला जे करता येते ते संघराज्याला करता येईलच असे नाही. परंतु जी गोष्ट काल नागरिकाची जबाबदारी होती ती आज जुलूम कशी ठरली, याचे समाधान तेवढ्याने होत नाही. त्याची मीमांसा तत्त्वापेक्षा पक्षस्पर्धेतच शोधावी लागते.

विरोधात निरनिराळे प्रवाह मिसळलेले होते. काहींना कर व राष्ट्रीय कर्ज वाढण्याची धास्ती होती. कॅथलिक बिशपांना गर्भपातासाठी शासकीय पैसा वापरला जाईल अशी शंका होती. २००९ मध्ये उदयास आलेल्या ‘टी पार्टी’ चळवळीने केंद्रसत्तेच्या विस्तारालाच आव्हान दिले. अपप्रचारही पुष्कळ झाला. मरणासन्न अवस्थेतील उपचारांविषयी वृद्धांना सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना मोबदला देण्याची एक साधी तरतूद मूळ मसुद्यात होती. तिचा विपर्यास करून कोणी जगावे हे शासकीय मंडळे ठरविणार, असा आरोप सेरा पेलिन यांनी केला. तो निराधार होता. तरीही ती तरतूद अखेर गाळावी लागली.

विधेयक संमत झाले त्या दिवशीच डेव्हिड फ्रम या पुराणमतवादी लेखकाने स्वपक्षावर टीका केली. वाटाघाटी नाकारल्याने कायद्याला वळण देण्याची संधी गेली आणि एकदा मिळालेले लाभ पुढे काढून घेता येणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. काही दिवसांतच अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट या विचारसंस्थेशी असलेला त्याचा संबंध संपुष्टात आला. पक्षाने ‘रद्द करा व पर्याय द्या’ ही घोषणा स्वीकारली. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात ६३ जागा अधिक मिळवून त्याने बहुमत हस्तगत केल्यामुळे फ्रमचा इशारा तूर्त चुकीचा वाटला.

न्यायालयीन लढा : स्वाक्षरीच्या दिवशीच काही राज्यांनी फ्लॉरिडातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला, पुढे वादी राज्यांची संख्या २६ झाली. आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराखाली शासन एखाद्यास वस्तू विकत घेण्यास भाग पाडू शकते काय, हा मुख्य प्रश्न होता. तसे असेल तर उद्या ब्रोकोलीची भाजीही सक्तीने घ्यावी लागेल काय, असे सुनावणीत विचारले गेले. २८ जून २०१२ च्या निर्णयात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी हा आक्षेप मान्य केला. मात्र दंड हा वस्तुतः एक कर असल्याचे ठरवून ५ विरुद्ध ४ मतांनी विमासक्ती वैध धरली. रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेल्या सरन्यायाधीशांचा हा निर्णय अनेक पुराणमतवाद्यांना विश्वासघात वाटला. मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेचा विस्तार मात्र राज्यांवर लादता येणार नाही, असेही न्यायालयाने ठरविले. हा भाग तेव्हा काहीसा दुर्लक्षित राहिला, पण व्यवहारात तोच अधिक परिणामकारक ठरला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये कायद्याचा निधी रोखण्याच्या हट्टापायी संघराज्य शासनाचा बराचसा कारभार १६ दिवस बंद पडला. २०१७ मध्ये अध्यक्षपद व दोन्ही सभागृहे हाती आली, तेव्हा पर्यायाविषयी पक्षात एकवाक्यता नसल्याचे उघड झाले. २८ जुलै रोजी सीनेटमध्ये जॉन मकेन, सूझन कॉलिन्स व लीसा मर्कौस्की या तिघा रिपब्लिकनांच्या विरोधामुळे रद्दीकरणाचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या करकायद्याने विमा न घेण्याबद्दलचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. सक्ती अशा रीतीने नाममात्र उरली, तरी विमाव्यवस्था कोसळली नाही.

मेडिकेडबाबत पुराणमतवादी मतदार आपल्या प्रतिनिधींहून वेगळे वागले. आयडाहो, नेब्रॅस्का, यूटा (२०१८), ओक्लाहोमा, मिसूरी (२०२०) व साउथ डकोटा (२०२२) या रिपब्लिकन वर्चस्वाच्या राज्यांत सार्वमताने विस्तार मंजूर झाला. २०२३ अखेर ४० राज्यांनी तो स्वीकारला होता. टेक्सस, फ्लॉरिडा इत्यादींनी नाकारला. नाकारणाऱ्या राज्यांत एक विचित्र पोकळी निर्माण झाली. विम्याच्या हप्त्यासाठीचे अर्थसाहाय्य दारिद्र्यरेषेपासून वरच्या उत्पन्नालाच मिळते, कारण त्याखालील सर्व लोक मेडिकेडमध्ये येतील असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. परिणामी या राज्यांतील अनेक गरीब प्रौढ, विशेषतः अपत्यहीन कामगार, मेडिकेडला अपात्र आणि अर्थसाहाय्यालाही अपात्र राहिले. त्यांच्याहून थोडे अधिक कमावणाऱ्या शेजाऱ्यास मात्र विमा मिळाला.