प्रीमियम बाँड ठेवावेत का?

लंडनला नव्याने आलेल्या भाचीने परवा विचारलं, "मामा, प्रीमियम बाँड म्हणजे सरकारी लॉटरीच ना?"

अर्धं बरोबर आहे. लॉटरीत तिकिटाचे पैसे जातात. इथे मुद्दल शाबूत राहतं, कधीही काढता येतं. १९५६ पासून ब्रिटिश सरकार हे विकतंय. १ पौंडाचा एक बाँड, किमान २५, कमाल ५०,००० पौंड. व्याज शून्य. त्याऐवजी दरमहा सोडत, बक्षीस २५ पौंडांपासून १० लाखांपर्यंत, ब्रिटनमध्ये करमुक्त.

गोम जाहीर होणाऱ्या 'बक्षीस दरा'त आहे. ती सगळ्या बाँडांवरच्या बक्षिसांची सरासरी, आणि तिच्यात ते दहा लाखवालेही धरलेले! २०२५ मध्ये एका बाँडला एका सोडतीत बक्षीस लागण्याची शक्यता २२,००० त १ होती. म्हणजे १०० पौंड ठेवले, तर सरासरी अठरा वर्षांत एक बक्षीस. तोवर महागाई मुद्दल कुरतडतेच.

मोठी रक्कम असेल, करमुक्त 'आयसा' (ISA) बचत खात्याची मर्यादा भरली असेल आणि बचतीच्या व्याजावर कर बसत असेल, तर जरूर ठेवा. भाचीला मात्र साधं बचत खातंच सुचवलं. (तिने तरीही २५ पौंडांचे घेतलेच!)