लूप नव्हे, लूपच्या आतलं काम

‘माझा लूप फार स्लो चालतोय, फास्ट कसा करू?’ प्रोग्रॅमिंग शिकणारी किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मंडळी मदत मागतात, तेव्हा प्रश्न बहुतेकदा याच शब्दांत येतो. उत्तरंही ठरलेली असतात: व्हाइलऐवजी फॉर वापर, लिस्ट कॉम्प्रिहेन्शन कर, पायथन सोड आणि सी++ धर. यातली बरीचशी उत्तरं चुकीच्या जागी बोट ठेवतात आणि विचारणाऱ्याचे दिवस वाया जातात.

लूपचा प्रकार बदलला की वेग वाढतो, हा समज सगळ्यात पसरलेला आहे. सीसारख्या भाषेत ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर कंपायलर फॉर आणि व्हाइल या दोन्हींचा जवळपास सारखाच मशिन कोड तयार करतो. पायथनमध्ये मात्र फॉर थोडा पुढे असतो, कारण मोजणी पुढे सरकवायचं काम इंटरप्रिटर आतल्या आत करतो. लिस्ट कॉम्प्रिहेन्शननेही थोडा वेळ वाचतो. पण हा फरक टक्क्यांत किंवा फार तर दुपटीत मोजायचा. ज्या कोडला तास लागतोय, त्याचं दुखणं हजारपटींचं असतं आणि ते दुसरीकडे असतं.

समजा, दोन याद्या आहेत. दोन्हींत प्रत्येकी 1 लाख नोंदणी क्रमांक आहेत आणि दोन्हींत असलेले क्रमांक शोधायचे आहेत. सुचणारा पहिला मार्ग म्हणजे लूपमध्ये लूप: पहिल्या यादीतला एकेक क्रमांक घ्या आणि दुसरी यादी पहिल्यापासून चाळा. चाचणीला 1,000-1,000 नोंदी घेतल्या, तर जास्तीत जास्त 10 लाख तुलना होतात. उत्तर लगेच येतं आणि कोड बरोबर आहे असं वाटतं. खऱ्या याद्या दिल्या की तुलना 1,000 कोटींवर जाऊ शकतात. डेटा शंभरपट वाढला, पण काम दहा हजारपट. आता दुसरी यादी लिस्टऐवजी सेटमध्ये ठेवा. सेट हॅशिंगवर चालतो. क्रमांकावरून त्याची जागा काढली जाते, त्यामुळे सगळं चाळावं लागत नाही. 1 लाख वेळा विचारणा केली, की काम झालं. ज्याला मिनिटं लागत होती, ते सेकंदाच्या आत संपतं. भाषा तीच, मशिन तेच, बाहेरचा लूपसुद्धा तोच.

मग कोणी म्हणतं, ‘माझ्या कोडमध्ये तर एकच लूप आहे.’ दिसतो एक. आत किती दडलेत ते पाहायला हवं. पायथनमध्ये लिस्टवर ‘इन’ लिहिलं की तो लूपच आहे, फक्त तुम्ही लिहिलेला नाही. सी भाषेत लूपच्या अटीत स्ट्रिंगची लांबी विचारली, तर प्रत्येक फेरीत ती स्ट्रिंग शेवटपर्यंत मोजली जाऊ शकते. जावामध्ये अधिक चिन्हाने स्ट्रिंगला एकेक अक्षर जोडत गेलं, तर दर वेळी जुनी अक्षरं नव्या स्ट्रिंगमध्ये उतरवली जातात. अशी 1 लाख अक्षरं जोडताना एकूण नक्कल सुमारे 500 कोटी अक्षरांची होते. म्हणूनच तिथे स्ट्रिंगबिल्डर आहे. डेटाबेसची क्वेरी लूपच्या आत टाकण्याची खोड तर ऑफिसातल्या कोडमध्ये सर्रास दिसते. एका क्वेरीला 1 मिलिसेकंद धरला, तरी 1 लाख क्वेरींना 100 सेकंद झाले. तोच डेटा एका जॉइनने एकदम मागवता येतो.

‘पायथन सोड, सी++ घे’ हा सल्ला किती अपुरा आहे, ते 2021 साली जगाने पाहिलं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा गेम सुरू व्हायला अनेक खेळाडूंना कित्येक मिनिटं थांबावं लागे. एका प्रोग्रॅमरने सोर्स कोड हाताशी नसताना प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, लावून कारण शोधलं. सुमारे 10 एमबीची एक फाइल वाचली जात होती. तिच्यातला प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा पुन्हा मोजली जायची. फाइलमध्ये साधारण 63,000 वस्तू होत्या, आणि प्रत्येक नवी वस्तू आधी आली आहे का, हे सगळी यादी चाळून पाहिलं जायचं. नुसत्या या चाळणीचा हिशेब 198 कोटी तपासण्यांवर जातो. दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या मशिनवर लोडिंगचा वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. गेम बनवणाऱ्या कंपनीने ही दुरुस्ती मान्य करून त्याला 10,000 डॉलर दिले. हा गेम वेगवान समजल्या जाणाऱ्या भाषेतलाच होता. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण यातल्या दोन्ही चुका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजाव्यात इतक्या साध्या आहेत.

पायथन संथ आहे, या म्हणण्यात तथ्य मात्र आहे. साध्या बेरजेतही इंटरप्रिटरला दर फेरीत दोन्ही वस्तूंचे प्रकार पाहावे लागतात. नमपाय या पायथनच्या लायब्ररीत तोच लूप आत सी भाषेत चालतो, म्हणून आकड्यांच्या मोठ्या कामात कित्येक पटींचा फायदा मिळतो. पण नमपायच्या ॲरेवर पायथनचा फॉर लावून एकेक आकडा काढत बसलात, तर तो साध्या लिस्टपेक्षाही मागे पडतो. नुसतं नमपाय इम्पोर्ट करून वेग येत नाही, हे सांगायचं राहून जातं.

फेऱ्या तेवढ्याच असूनही वेळ बदलू शकतो. सीमध्ये मॅट्रिक्स ओळीओळीने साठवलेलं असतं. प्रोसेसर मेमरीतून सहसा 64 बाइटचा गठ्ठा एकदम उचलतो. ओळीने चाललात तर गठ्ठ्यातले सगळे आकडे कामी येतात. मोठ्या मॅट्रिक्समध्ये स्तंभाने चाललात तर बहुतेक वाया जातात.

कोड नेमका कुठे अडतोय, हे मला वाचूनच कळतं, असं अनुभवी लोकही मानतात. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नुथ यांनी 1971 मध्ये फोरट्रान प्रोग्रॅम तपासले, तेव्हा 4 टक्क्यांहून कमी कोडमध्ये निम्म्याहून जास्त वेळ जात असल्याचं दिसलं. तो भाग अंदाजाने हाती लागणं कठीण. म्हणून मोजून पाहा. पायथनमध्ये सीप्रोफाइल आणि टाइमइट ही वेळ मोजायची साधनं सोबतच येतात, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आणखी एक सोपी चाचणी आहे: डेटा दुप्पट करा आणि वेळ पाहा. वेळ दुप्पट झाला तर लूप सरळ वाढतोय. चौपट झाला तर कुठेतरी लूपमध्ये लूप आहे, दिसो वा न दिसो.

मदत मागताना हेच आकडे सोबत द्या. आख्खा प्रोजेक्ट पाठवला की समोरच्याला जास्त कळतं, असं वाटतं खरं. पण कामानंतरच्या वेळात मदत करणारा माणूस 2,000 ओळी वाचत नाही. अडलेला भाग वेगळा काढा, तो स्वतंत्रपणे चालतो याची खात्री करा. 1,000, 2,000 आणि 4,000 नोंदींना किती वेळ लागला, ते लिहा. खऱ्या कामात किती नोंदी येणार आणि किती वेळ लागला तर चालेल, हेही सांगा. महिन्यातून एकदा रात्री चालणाऱ्या कामाला दहा मिनिटं लागली तर कदाचित काहीच बदलायची गरज नसते. ग्राहकांचे खरे मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक कधीही पाठवू नका. तशाच आकाराचे खोटे आकडे तयार करणाऱ्या दोन ओळी कोडच्या वर जोडा, म्हणजे समोरच्यालाही तो संथपणा स्वतःच्या मशिनवर मोजता येईल.