‘डिझाइन मोफत’

आपल्या जिल्ह्यातील तालुक्याच्या कोणत्याही गावी बसस्थानकाच्या आसपास फ्लेक्सची दोन-चार दुकाने असतातच. दारावर दर लिहिलेला असतो तो चौरस फुटाचा आणि त्याखाली पुष्कळदा आणखी दोन शब्द असतात : ‘डिझाइन मोफत’. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक आत येते ती फुकट आणि ती ज्यावर छापायची ते कापड मात्र मोजून विकत, असा हा उलटा व्यवहार आहे. चित्रकलेची आवड असलेल्या, संगणकावर थोडाफार हात बसलेल्या आमच्यासारख्या मुलांना ‘फ्रीलान्स डिझाइन’चे, म्हणजे नोकरी न धरता सुटी कामे घेऊन ती स्वतंत्रपणे करून देण्याचे, मोठे आकर्षण वाटते. त्या वाटेला लागण्यापूर्वी या दोन शब्दांचा अर्थ लावून पाहणे बरे.

फ्लेक्स येण्यापूर्वी गावात पेंटर असे. दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, शाळेच्या भिंतीवरील सुविचार हे सगळे त्याच्याच हातचे. अक्षराचे वळण ठरवणारा आणि रंग भरणारा माणूस एकच असल्याने त्याची बुद्धी आणि त्याची मजुरी एका बिलात मिळत असे. छपाईचे यंत्र आले आणि ही दोन कामे वेगळी झाली. छपाई यंत्राकडे गेली, रचना ‘फाइल’मध्ये गेली. फाइलची नक्कल करायला काही लागत नाही, म्हणून तिला किंमतही नाही, अशी समजूत रूढ झाली.

मोठ्या शहरांतील इतिहास मात्र निराळा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला, पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे केली आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंकही चालवला. रघुवीर मुळगावकर हे त्याच पिढीतील दुसरे नाव. त्यांची देवादिकांची चित्रे कॅलेंडरांतून घरोघर पोचली. प्रकाशक छपाईचे पैसे छापखान्याला देई आणि चित्राचे चित्रकाराला. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘मुद्रक’ आणि ‘मुखपृष्ठ’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्या उगाच नव्हेत. आपल्याकडे दुसरी ओळ गळून पडली आहे. फ्रीलान्स धंदा शिकणे म्हणजे माझ्या मते ती ओळ परत लिहायला शिकणे होय.

पण ती लिहिण्याआधी हातात काही असावे लागते. रीतसर शिक्षण घ्यायचे तर मराठवाड्यात शासकीय कला महाविद्यालय आहे ते छत्रपती संभाजीनगरला. ज्यांना तेथवर जाणे जमत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांना स्वतंत्र चेहरा देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) हे वृत्तपत्राच्या कलाविभागात काम करता करताच घडले. नाटकाचा स्वभाव त्यांच्या अक्षरांतूनच कळत असे. आपण शिकायचे ते हेच, अक्षर. चित्र आयते मिळू शकते, आता तर यंत्राला सांगून काढूनही घेता येते. मराठी अक्षरे नीट बसवणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

देवनागरीचा स्वभाव रोमन लिपीहून वेगळा आहे. अक्षरांच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार येतात. इंग्रजीला पुरणारे दोन ओळींमधील अंतर मराठीला दिले की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते. शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. फॉन्ट निवडताना ते पाहिले नाही तर मजकूर मराठी असूनही परका वाटतो. संगणकाचे त्रांगडे याहून वेगळेच. छपाईच्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’तील जुने फॉन्ट आजही चालतात आणि गिऱ्हाईक मजकूर पाठवते तो मोबाइलवरचा, म्हणजे युनिकोडमधला. एकातला मजकूर दुसऱ्यात तसाच चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उभी राहते. तो मध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड टाकले तर वेलांटी जागा सोडते. लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावाची वेलांटी अशी भटकली तर काय होते, हे ज्याने पाहिले असेल त्यालाच ठाऊक!

फॉन्ट विकत घेण्याची ऐपत नसेल तरी चालते. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी (१९३६–२००८) या मराठी अक्षरतज्ज्ञाच्या कामातून आलेला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत मिळतात आणि धंद्यासाठी वापरण्यासही मुभा आहे. इंकस्केप आणि गिंप ही सॉफ्टवेअरेही मोफत आहेत. संगणक नसलेली कितीतरी मुले मोबाइलवर ‘पिक्सेललॅब’मध्ये वाढदिवसाचे बॅनर करतात आणि त्यांच्या तयार ‘पीएलपी’ फायली एकमेकांना पाठवतात. अशी फाइल उघडून एकेक थर बाजूला करून पाहणे हे उत्तम शिक्षण आहे. मात्र तीच फाइल, फोटो बदलून, चार गावांत विकणे याला कोणी धंदा म्हणू नये. पाचव्या गावात ती फुकट मिळतेच.

छापखान्याची थोडी भाषाही यायला हवी. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा या प्रकाशांतून रंग दाखवतो. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंतून होते. म्हणून पडद्यावर झळाळणारा भगवा कागदावर मंद उतरतो. पत्रिकेसाठी चित्र इंचाला ३०० ठिपक्यांचे असावे. लांबून पाहायच्या मोठ्या फ्लेक्सला १०० सुद्धा पुरतात. कडेला तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडावा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.

आता पैशाचे बोलू. समजा, महिन्याला १२,००० रुपये घरी यावेत अशी अपेक्षा आहे. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज यांचे २,४०० धरा. महिन्यात २४ दिवस काम केले तरी गिऱ्हाइकाकडे जाणे, दाखवणे, वसुली करणे यांत अर्धा दिवस जातो. पैसे मिळतील असे दिवसाला चार तास, म्हणजे महिन्याला ९६ तास उरतात. १४,४०० भागिले ९६, तासाला १५० रुपये. दुरुस्त्यांसह सहा तास खाणाऱ्या पत्रिकेचे ९०० झाले. हा आकडा आपल्याकडे उच्चारून पाहावा! समोरचा म्हणेल, “बॅनरवाला तर फुकट करून देतो.”

त्याचे खरेच आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स दोन दिवस टांगतो आणि मग ऊस तोडणाऱ्याच्या कोपीवर जातो. दोन दिवसांच्या वस्तूला कोणी किती द्यावे? त्यामुळे किंमत सांगता येईल अशी कामे शोधावी लागतात. भूम तालुक्यात खव्याचा मोठा व्यवसाय आहे. तेथील एखाद्या पेढेवाल्याला डब्यासाठी लेबल हवे असेल तर ते एकदा केले की हजारो वेळा छापले जाते. लेबल म्हणजे नुसती गाय आणि तांब्या नव्हे. त्यावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, करणाऱ्याचे नाव-पत्ता, अन्न परवान्याचा क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचे हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ हे सगळे कायद्याने लागते. ते वाचता येईल अशा आकारात बसवून वर पेढा खावासा वाटला पाहिजे. ही अक्कल चौरस फुटात मोजता येत नाही आणि हे त्या पेढेवाल्यालाही पटते. तुळजापुरातील लॉज, शेतकरी कंपन्यांच्या डाळीच्या पिशव्या, शाळांचे वार्षिक अंक ही याच जातीची कामे.

वसुली हा या धंद्यातील सर्वांत अवघड धडा. आपल्या गावात गिऱ्हाईक हे आधी कोणाचे तरी दाजी असते आणि मग गिऱ्हाईक. निवडणुकीत मी केलेल्या काही कामांचे पैसे “भाऊंना सांगतो” या आश्वासनावर अजून थांबलेले आहेत. निकालानंतर फोन उचलला जात नाही. जमिनीच्या सौद्यात इसार मागायला कोणी लाजत नाही, मग येथे का लाजावे? निम्मी रक्कम आधी घ्यावी. किती नमुने दाखवणार, किती वेळा दुरुस्ती करणार हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून पाठवावे.

लिखापढीचे कायदेशीर फायदेही आहेत. ‘उद्यम’ नोंदणी आधारवरून, विनाशुल्क होते. ती असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे धंदेवाईक गिऱ्हाइकाने काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी करारात मुदत ठरली असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. दाजींवर हे अस्त्र चालवणे कठीण, पण साखर कारखाना किंवा कंपनी असेल तर बिलावर उद्यम क्रमांक छापलेला बरा.

दुसरा प्रश्न ‘ओपन फाइल’चा. काम झाले की गिऱ्हाईक म्हणते, “मूळ फाइल देऊन टाका.” १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा असतो. पैसे घेऊन काढून दिलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्कही ते काढवून घेणाऱ्याचा. बोधचिन्हासारख्या कामाचा हक्क मात्र सामान्यतः करणाऱ्याकडेच राहतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून पेढेवाल्याचे लेबल करताना बिलात तीन रकमा वेगळ्या लिहाव्यात : रचना, मूळ फाइल व हक्क, आणि छपाई. छपाई दुकानात होईल, तिचा दर चौरस फुटानेच असेल, त्याला हरकत नाही.