पायांचे दुखणे : कारणे व उपचार

बैलाच्या खुरात खडा रुतला, तर शेतकरी तत्काळ औत थांबवून तो काढतो. स्वतःच्या पायाकडे मात्र तो सुगी आटोपेपर्यंत पाहत नाही. भाताची लावणी, कापसाची वेचणी, उसाची तोडणी ही कामे आजही बहुतांशी पायांवरच पार पडतात. पाय निकामी झाला, तर ऐन हंगामात मजुरी बुडते व शेत पडून राहते. म्हणून पायाचे दुखणे वेळीच ओळखणे हे पिकावरील रोग ओळखण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रत्येक पावलात २६ हाडे असून ती स्नायूंनी व बळकट पट्ट्यांनी एकत्र बांधलेली असतात. दुखणे नेमके कोठे आणि केव्हा होते, एवढे नीट पाहिले तरी त्याचे कारण बहुधा ध्यानात येते.

टाचदुखी

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभराच्या कामानंतर पुन्हा वाढते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा गेलेला असतो. त्यावर अतिरिक्त ताण पडल्याने हे दुखणे उद्भवते. कठीण जमिनीवर तासन् तास उभे राहणे, अनवाणी अगर झिजलेल्या चपलेने चालणे, वजन वाढणे आणि पोटऱ्या आखडणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

यावर ताणाचा व्यायाम गुणकारी ठरतो. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ताठ ठेवावा व टाच न उचलता पुढे झुकावे. पोटरीला बसलेला ताण ३० सेकंद धरावा. असे तीन वेळा, दिवसातून दोनदा करावे. थंड पाण्याची बाटली तळव्याखाली १० मिनिटे फिरवावी. जाड व मऊ तळाची चप्पल वापरावी. बहुतेकांना काही महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडू नये. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो.

भेगा व चिखल्या

कोरड्या जमिनीत व उन्हात काम करणाऱ्यांच्या टाचांची कातडी जाड होऊन तडकते. रात्री पाय १५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, वजरीने हलकेच घासावेत, पुसून कोरडे करावेत आणि व्हॅसलिन अगर कोकमाचे तेल लावावे. भेगांत बिब्बा घालण्याची चाल काही ठिकाणी आहे. बिब्ब्याने कातडी भाजते व जखम चिघळते, यास्तव ती सोडून द्यावी.

याउलट, भातखाचरात दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी भिजून पांढरी पडते, खाजते व सोलते. या चिखल्या होत. ओलाव्यात बुरशी वाढल्याने त्या बळावतात. काम संपताच पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचके कोरडे करावेत. क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा लावावे. खाज थांबली तरी मलम मध्येच बंद न करता, सांगितलेली मुदत पुरी करावी.

काटा व खोल जखम

बाभळीचा काटा किंवा गंजलेला खिळा खोल गेल्यास वरून जखम लहान दिसते. परंतु धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात. जखम साबण व भरपूर पाण्याने धुवावी. तीवर शेण, माती किंवा चुना लावू नये. मळलेली जखम झाली असून धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा लस घ्यावी. सूज वर चढू लागली, पाय गरम लागला अगर ताप आला, तर एक दिवसही थांबू नये.

न दुखणारा पाय

वर सांगितलेल्या दुखण्यांत वेदना हीच माणसाला सावध करते. खरा धोका, जखम असूनही न दुखणाऱ्या पायास असतो. मधुमेह व कुष्ठरोग या दोन्ही रोगांत मज्जातंतू बिघडून पायाची संवेदना नाहीशी होते. मग चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. वेल्लोर येथे १९४६ पासून कार्य करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर अवयवास नकळत होणाऱ्या इजांनी ती नष्ट होतात. म्हणजेच जपणूक केल्यास पाय वाचू शकतो.

बधिरता ओळखण्याची रीत सोपी आहे. त्या व्यक्तीस डोळे मिटावयास सांगावे. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकांस आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर तिला आरोग्य केंद्रात पाठवावे. अंगावर फिकट किंवा तांबूस, बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करवावी. त्यावरील औषधे विनामूल्य मिळतात. उपचार रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो.

अशा पायास शेक देऊ नये, तो गरम पाण्यात किंवा बर्फावर ठेवू नये, कुरूप पात्याने कापू नये व अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसतील, तर आरसा घ्यावा अगर घरातील माणसास दाखवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधावरील भेटीत पिकाबरोबर पायांचीही विचारपूस करावी. “पाय दुखतात का?” एवढेच विचारून न थांबता, “पायाला जखम असून ती दुखत नाही, असे आहे का?” हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास त्या शेतकऱ्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.