मोडलेली कुबडी जोडावी की नाही?

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ आपल्या राज्यात प्रथम सोसली ती या गावाने, १९९३ च्या पावसाळ्यात. पुढे धरणाची उंची वाढत गेली तसे पाणी चढत गेले आणि माणसे डोंगराच्या उतारावर सरकत गेली. सातपुड्याच्या अशा गावांत चालणे म्हणजे चढ, उतार, सुटे दगड आणि होडीत चढणे-उतरणे. एक पाय अधू असलेल्या माणसाची कुबडी तिथे मोडली, तर त्याचे बाजारहाट, दवाखाना, मजुरी सगळे थांबते. आपल्या शहरांतल्या वस्त्यांतही फार वेगळे नाही; तिथे डोंगराऐवजी जिने आणि गटारे असतात.

पूर्वी कुबडी लाकडाची असे. मोडली तर सुताराकडे न्यावी, काम भागे. आता ती अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळीची असते. वजनाला हलकी, गंजत नाही, उंची कमीजास्त करता येते. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतून अशी साधने गरजूंना मिळतात. पुष्कळशी कानपूरच्या एलिम्को या सरकारी कारखान्यातली असतात. मात्र एकदा साधन घेतले की त्याच कारणासाठी पुन्हा मदत साधारण तीन वर्षांनी. लहान मुलांसाठी ही मुदत कमी आहे. मधल्या काळात कुबडी मोडली, तर घरचे लोक ती घेऊन वेल्डिंगच्या दुकानात जातात. दुकानदार म्हणतो, "हे आपल्याकडे होत नाही." लोकांना वाटते, काम लहान म्हणून टाळतो आहे. मी कारकुनी करणारा माणूस, वेल्डर नव्हे. पण कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हा विषय समजून घेतला, तेव्हा पटले की दुकानदार खरेच बोलतो.

अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते. परंतु त्याच्या अंगावर हवेतल्या प्राणवायूने एक अतिशय पातळ पापुद्रा बसलेला असतो, तो दोन हजार अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे आतला धातू पाणी होतो आणि वरची साल तशीच राहते. लोखंड आधी लाल होते, वेल्डरला सावध करते. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी बसते. कुबडीच्या नळीची जाडी असते जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणजे अर्धे सूत. खिडकीचे गज जोडणाऱ्या साध्या मशीनने तिथे जोड नव्हे, भोक पडते.

यावर उपाय म्हणजे टिग वेल्डिंग. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कारखान्यातल्या रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमच्या विमानासाठी ही पद्धत बसवली. टंगस्टनची टोकदार कांडी ठिणगी धरते, पण स्वतः वितळत नाही. भोवती आर्गन वायूचे आवरण असते, त्यामुळे वितळलेल्या रसाला हवा लागत नाही. दुसऱ्या हाताने अ‍ॅल्युमिनियमची बारीक सळई भरत जायची. वीज मात्र एसी लागते. तिच्या एका फेऱ्यात वरचा पापुद्रा फुटून साफ होतो, दुसऱ्या फेऱ्यात धातूला उष्णता मिळते. स्टीलचे रेलिंग बनवणाऱ्याकडे आर्गनची टाकी दिसते, पण त्याचे मशीन बहुधा फक्त डीसी असते. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारावा, "मशीनला एसी टिग आहे का?"

पुढचे सारे हातावर आहे. नळी आधी तेल-मळ काढून पुसायची, मग स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायची. तो ब्रश लोखंडाला कधीच लावलेला नसावा. कुबडीच्या नळीवर कारखान्यात मुद्दाम चढवलेला चकचकीत थर असला, तर तो पापुद्र्याचाच थोरला भाऊ. जोडाच्या जागी तोही खरवडावा लागतो. दोन तोंडे फट न ठेवता भिडवून तीन-चार ठिकाणी टॅक मारायचे. मग जोड फिरवत न्यायचा आणि नळी तापत जाईल तसा पायाच्या पेडलने करंट उतरवत जायचा, नाहीतर सुरुवातीला चिकटलेली नळी शेवटी गळून पडते. नळी दोन्हीकडून बंद असेल तर आतली हवा फुगून रस बाहेर ढकलते. त्यासाठी बारीक छिद्र ठेवावे लागते.

एवढे सारे नीट केले तरी एक अडचण उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. कुबडीसाठी वापरतात तसल्या मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या भट्टीत कमावलेली असते. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो; तिथली ताकद तीस ते पन्नास टक्के घटू शकते. जोड दिसायला सुरेख असतो आणि नळी जोडाशेजारी वाकते. सायकलीची अ‍ॅल्युमिनियमची चौकटही टिगनेच जोडतात. पण ६०६१ या मिश्रधातूची चौकट असेल, तर ती जोडल्यावर सुमारे ५३० अंशांना तापवून विझवतात आणि पुन्हा सुमारे १७० अंशांना काही तास ठेवतात, तेव्हा ताकद परत येते. गल्लीतल्या दुकानात ही सोय कुठून येणार?

शिवाय कुबडी मोडते ती बहुधा उंची बदलण्याच्या छिद्रापाशी. तिथे वेल्डिंग केले तर आतली नळी सरकत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्यावर माणसाचा सगळा भार पडतो त्या नळीला तडा गेला, तर वेल्डिंग करू नये, त्या मापाची नवी नळी घालावी. ती मिळेपर्यंत आत घट्ट बसणारी नळी सरकवून आरपार बोल्ट मारावेत, आणि तेवढ्यापुरतेच चालवावे. साधने वाटपाचे शिबिर भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी कुबड्यांबरोबर खालच्या जादा नळ्या आणि रबरी टोपणेही मागून घ्यावीत. टोपण झिजले की नळी दगडावर आपटते आणि तडा लवकर जातो.

याचा अर्थ टिग वेल्डिंग निरुपयोगी, असा मुळीच नाही. पाठ टेकायची दांडी, पाय ठेवायची पट्टी, जिथे भार थोडा आहे तिथे चांगला जोड वर्षानुवर्षे टिकतो. आणि आपल्या मुलांसाठी तर हे हुकमी काम आहे. आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एक वर्षाचा, आठवी उत्तीर्ण मुलाला खुला आहे, आणि त्यात टिगने अ‍ॅल्युमिनियम जोडण्याचा पाठही येतो. प्रवेश घेताना पालकांनी आत जाऊन पाहावे: एसी टिग मशीन चालू आहे का, टाकीत आर्गन आहे का, मुलाच्या वाट्याला किती तास येतात? अ‍ॅल्युमिनियमच्या भंगारातले पातळ तुकडे जोडून, कापून, पुन्हा जोडल्याशिवाय हात बसत नाही. मुलींनीही इकडे वळावे. या कामात जोर कमी आणि नजर जास्त लागते.

घरातल्यांसाठी एक सूचना. अ‍ॅल्युमिनियम आरशासारखे चमकते, त्यामुळे ठिणगीचे अतिनील किरण बाजूला उभ्या माणसाच्या डोळ्यांतही जातात. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू शिरल्यासारखे टोचते, पाणी वाहते. मुलांना दुकानाबाहेर ठिणग्या पाहत उभे राहू देऊ नका. त्रास झालाच तर बटाट्याची चकती किंवा दूध डोळ्यांत घालू नका, डोळे चोळू नका, सरळ दवाखान्यात जा.