जुन्या जीपची खतावणी

पहिला पाऊस पडून ताम्हिणीचा घाट हिरवा झाला, की पुण्यातील अनेक घरांत एक मागणी पुढे येते. चिरंजीवांना चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी असते. नवी थार किंवा गुरखा खिशाला जड वाटते, म्हणून मोबाइलवर जुन्या गाड्यांचा शोध सुरू होतो. ‘एकच मालक, फक्त चाळीस हजार किलोमीटर, गाडी एकदम टकाटक’ अशी जाहिरात दिसते. वडील विचारतात, “कागद पाहिलेस?” मुलगा सांगतो, “आहेत ना! आरसी, विमा, पीयूसी, सगळे चालू आहे.” वडिलांचे समाधान होते आणि बयाणा दिला जातो.

चूक नेमकी येथेच होते. ही तीन कागदपत्रे गाडीची आजची स्थिती सांगतात. ती गाडी काल कुठे होती, कशी चालवली गेली, कोणत्या पाण्यातून काढली गेली, हे त्यांतून कळत नाही. ज्या घराण्यांत दुकान विकत घेताना मागील पाच वर्षांच्या वह्या उलगडून पाहिल्या जातात, त्याच घराण्यांत आठ-दहा लाखांची गाडी केवळ रंग पाहून घेतली जावी, याचे नवल वाटते.

तपासणी होते, पण कोणाची?

पुणे हे वाहनांच्या परीक्षेचे शहर आहे. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे आणि देशभरातील नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी तेथे होते. परंतु ती परीक्षा नमुन्याची असते. दारात उभ्या असलेल्या वापरलेल्या गाडीची नव्हे.

प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी त्याचे नूतनीकरण होते. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवली जाते. याचा अर्थ असा, की सात वर्षे वापरलेल्या खासगी थारचे ब्रेक, स्टिअरिंग वा चासी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने एकदाही तपासलेली नसण्याचीच शक्यता अधिक. पीयूसी होते, परंतु त्यात फक्त धूर तपासला जातो.

म्हणून अशा गाडीचा तपासणी-इतिहास एका कागदावर तयार मिळत नाही. तो निरनिराळ्या नोंदींचा ताळा घालून उभा करावा लागतो. व्यापाऱ्याला हे काम नवे नाही. रोजमेळ, खतावणी आणि बँकेचे पासबुक जुळले तरच हिशेब खरा, हाच नियम येथेही लागू आहे.

पहिली वही : परिवहन विभागाची नोंद

एमपरिवहन ॲप किंवा वाहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, इंधन, विमा व पीयूसीची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. मालकाचा क्रम पहिला, दुसरा की तिसरा, हे आरसीवरील नोंदीतून कळते. ‘एकच मालक’ हा दावा येथेच खरा किंवा खोटा ठरतो. बोजा दिसत असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलनेही याच वेळी पाहावीत. एकाच गाडीवर वेगमर्यादेची दहा-बारा चलने असतील, तर ती कशी हाकली गेली याचाही अंदाज येतो.

त्यानंतर आरसीवरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष जाऊन वाचावेत. क्रमांकाभोवती घासल्याच्या वा नव्या वेल्डिंगच्या खुणा असतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा. शौकीन मालक मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन, बदललेले इंजिन, नवे छत असे फेरफार करतात. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निर्बंध घातले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला आहे. आरसीवर नोंद नसलेला बदल म्हणजे पुढे विमा नाकारला जाण्यास दिलेले निमित्त होय.

जिप्सीच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. १९८५ पासून विकली गेलेली ही गाडी आता तयार होत नाही, त्यामुळे बाजारातील बहुतेक जिप्सी पंधरा वर्षांच्या घरात किंवा त्यापलीकडच्या आहेत. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे आधी पाहावे. गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली असल्यास लिलावाचे मूळ कागद मागावेत.

दिल्लीकडील गाडी स्वस्त मिळते, कारण तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. अशी गाडी घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर, हे दोन्ही किमतीत धरावे. मग स्वस्ताई किती उरते, ते कळते.

दुसरी वही : सर्व्हिस आणि विमा

गाडी अधिकृत केंद्रात जात असेल, तर प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर यांची नोंद तेथे असते. विक्रेत्याला सोबत घेऊन ती नोंद मागावी. दोन वर्षांपूर्वी साठ हजार किलोमीटर आणि आज मीटरवर चाळीस हजार, असे आढळल्यास पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर दोनदा बदललेले असतील, तर त्याचे कारण विचारावे.

विम्याची मागील दोन-तीन वर्षांची कागदपत्रे तर फारच बोलकी असतात. दावा केला नाही, तर नो क्लेम बोनस वर्षागणिक २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. चढत आलेला बोनस एका वर्षी अचानक शून्यावर आला असेल, तर आदल्या वर्षी दावा झाला असावा. मालक बदलल्यानेही बोनस शून्य होतो, म्हणून ही तारीख मालकाच्या नोंदीशी ताडून पाहावी. दावा झाला असल्यास दुरुस्तीचे बिल मागावे. बंपर बदलणे निराळे आणि चासी सरळ करून घेणे निराळे.

तिसरी वही : गाडीचे अंग

शहरी मोटारीचे दुखणे बहुधा वरच्या पत्र्यावर दिसते. जीपचे दुखणे पोटात असते. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे अनिवार्य आहे. मेकॅनिक आपला असावा, विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे. चासीवर खोल ओरखडे, वाकलेले भाग, गंजावर मारलेला ताजा काळा रंग आहे का, ते पाहावे. डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. चाचणी फेरीत फोर-व्हील आणि लो रेंज हे दोन्ही गिअर प्रत्यक्ष लावून पाहावेत. ज्या सोयीसाठी अधिक पैसे मोजायचे तीच चालत नाही, असे घरी आल्यावर कळणे दुःखद असते.

पाण्याचा प्रश्न पुणेकरांनी विशेष गांभीर्याने घ्यावा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले मुठेचे पाणी आपण विसरलेलो नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. नव्या थारच्या काही प्रकारांची जमीन तर पाण्याने धुता येते, त्यामुळे स्वच्छ जमीन पाहून काहीच सिद्ध होत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या घडीतील गाळ पाहावा, सीटखालील वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते पाहावे. पाण्याने बिघडलेले वायरिंग कधी दगा देईल हे सांगता येत नाही; आणि घाटाच्या वळणावर तो दगा केवळ पैशांचा राहत नाही.

नावाची नोंद : दोन्ही बाजूंचे कर्तव्य

व्यवहार ठरल्यावर नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. एरवी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई अडते.

हे विकणाऱ्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदीत पहिलेच नाव राहिले होते. अपघात झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दलालाच्या हाती देणे म्हणजे कोरा धनादेश देणेच होय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्यांच्या हाती दिल्याची नोंद ऑनलाइन करता येते. ती करून पोच घ्यावी.

शेवटी एक गोष्ट. आज आपण घेणारे आहोत, उद्या विकणारे असू. मीटर मागे फिरवून किंवा पुरात बुडालेली गाडी चांगली म्हणून विकणे, यालाच तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचा अतिचार म्हणून प्रतिरूपक व्यवहार असे नाव दिले आहे. एका मालाच्या नावाखाली दुसरा माल देऊ नये, हे बाजारपेठेत आपण पाळतो. आपल्या जुन्या गाडीची सर्व्हिसची बिले, विम्याची पत्रे आणि दुरुस्तीची नोंद एका फाइलमध्ये लावून पुढच्या मालकाच्या हाती दिली, तर तिला भाव चांगला येतो; आणि विकल्यानंतर तो मनुष्य रस्त्यात भेटला, तरी नजर चुकवावी लागत नाही.